बोटांना देवनागरीचे वळण
(संगणकाच्या तासासाठी एक पाठ : शिक्षक व पालकांसाठी)

आजच्या सहावी-सातवीच्या मुलांना मोबाइल कसा वापरायचा हे कोणी शिकवावे लागत नाही. चित्रफीत काढणे, ती कापून जोडणे, तिच्यावर गाणे चढवणे, घरातल्या वडीलधाऱ्यांच्या फोनमधली अडलेली गोष्ट सोडवून देणे, ही कामे ती बोलता बोलता करतात. अशा मुलांसमोर संगणकाचा तास घ्यायला उभे राहिले की शिक्षकांना प्रश्न पडतो, यांना आता नवीन काय शिकवायचे?

या प्रश्नाचे उत्तर शोधायला फार लांब जायला नको. याच मुलांना सांगून पाहा, "आजीला चार ओळींचे पत्र मराठीत टाइप करून दे." बरीच मुले ते पत्र इंग्रजी अक्षरांत लिहून मोकळी होतात. काही जण फोनने सुचवलेला पहिला शब्द घेत पुढे जातात आणि 'शाळा'ची 'शाला' झाली तरी त्यांना चुकल्यासारखे वाटत नाही. म्हणजे यंत्र हाताळण्यात मूल पटाईत झाले आहे, पण त्या यंत्रावर स्वतःची भाषा स्वतःच्या लिपीत लिहिणे त्याला कोणी शिकवलेले नाही. हे कौशल्य आपोआप येत नाही. ते वर्गातच शिकवावे लागते. म्हणून या अंकात देवनागरी टंकनाचा एक सहा आठवड्यांचा पाठ देत आहोत.

१. आधी गरज पटवून द्या

कोणतीही गोष्ट शिकवण्यापूर्वी ती का शिकायची हे मुलांना पटले पाहिजे. त्यासाठी एक छोटा खेळ घ्या. फळ्यावर इंग्रजीतली के, ए, एल ही तीन अक्षरे लिहा आणि विचारा, हा कोणता मराठी शब्द? वर्गातून उत्तरे येतील : काल, काळ, कल, कळ. मग एम, ए, एल, ए लिहा : मला, माला, माळा, मळा. पुढे व्ही, ई, एल लिहा : वेल की वेळ? मुले आपसांत वाद घालू लागतील. घालू द्या. शेवटी 'काल आला' आणि 'काळ आला' ही दोन वाक्ये देवनागरीत लिहून दाखवा. हसू पिकेल आणि मुद्दाही पोहोचेल. इंग्रजी अक्षरांत ही दोन्ही वाक्ये सारखीच दिसतात.

ल आणि ळ, न आणि ण, त आणि ट, काना असणे आणि नसणे, हे भेद मराठीत अर्थ बदलतात. रोमन अक्षरांत लिहिण्याची सवय लागली की ते आधी कागदावरून जातात आणि मग कानावरून. आपली मुले महाराष्ट्राबाहेर वाढतात. घराबाहेर पडले की दुकानाच्या पाट्या, बसवरची नावे, सरकारी अर्ज वेगळ्या भाषेत किंवा वेगळ्या लिपीत असतात. त्यांच्यासाठी मराठी लिहिण्याची जागा मुळातच लहान आहे. फोनवरचे लिखाण हा तिचा मोठा भाग आहे, आणि तोच रोमन झाला तर उरते काय?

२. मोडीची आठवण

लिपी सुटली की काय होते, याचे उदाहरण आपल्या घरांतच आहे. मराठीतला रोजचा व्यवहार शतकानुशतके मोडीत चालला. पेशवाईचे दफ्तर मोडीत आहे. बडोद्याचे गायकवाड, इंदूरचे होळकर, ग्वाल्हेरचे शिंदे यांच्याकडचे मराठी कागदही मोडीत आहेत. छापखान्याला बाळबोध म्हणजे देवनागरी सोयीची होती. ग्रंथ आणि शाळेची पुस्तके देवनागरीत छापली जाऊ लागली, आणि विसाव्या शतकाच्या मध्यानंतर मोडी शाळांतूनही गेली. भाषा मराठीच राहिली, पण दोन-तीन पिढ्यांत घरच्या ट्रंकेतला आजोबा-पणजोबांचा कागद घरच्यांनाच वाचता येईनासा झाला. आज जमिनीचा जुना कागद वाचायचा तर मोडीचा जाणकार शोधावा लागतो.

मोडीची जागा निदान देवनागरीने घेतली. देवनागरीची जागा इंग्रजी अक्षरांतल्या अंदाजाने घेतली, तर नुकसान अधिक आहे. आज आपण ज्या लिपीत हा लेख वाचत आहोत, ती आपल्या नातवंडांना सहज वाचता यावी, एवढाच या पाठाचा हेतू आहे.

३. कोणती पद्धत शिकवावी?

देवनागरी टाइप करण्याचे अनेक मार्ग आहेत. इंग्रजी स्पेलिंग करून मराठी उमटवण्याचा मार्ग सोपा वाटतो, पण त्यात मूल इंग्रजी स्पेलिंगच्या रूपाने विचार करते आणि शुद्धलेखन यंत्रावर सोपवते. शाळेत शिकवण्यासाठी इन्स्क्रिप्ट ही मांडणी घ्यावी. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ती १९८६ मध्ये प्रमाणित केली आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस १३१९४ या मानकात तिचा समावेश झाला. ती वापरायला काही विकत घ्यावे लागत नाही. संगणकाच्या भाषांच्या सेटिंगमध्ये मराठी जोडावी आणि कीबोर्डांच्या यादीतून इन्स्क्रिप्ट निवडावा.

ही मांडणी पाठ करावी लागते, अशी तक्रार ऐकू येते. पण पहिलीत शिकलेली वर्णमाला आठवत असेल, तर अर्धे काम झालेलेच असते. वर्गाला पुढील चार नियम सांगा.

पहिला नियम : स्वर डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या हाताला. बोलताना व्यंजन आणि स्वर आलटून पालटून येतात, त्यामुळे दोन्ही हात आळीपाळीने चालतात.

दुसरा नियम : साधी कळ दाबली की स्वरचिन्ह, शिफ्टसह दाबली की पूर्ण स्वर. इंग्रजी ई च्या कळीवर काना आहे, शिफ्टसह तिच्यावर आ आहे. एफ वर ऱ्हस्व वेलांटी, शिफ्टसह इ. आर वर दीर्घ वेलांटी, शिफ्टसह ई. जी वर पहिला उकार, शिफ्टसह उ. डी वर पाय मोडण्याचे चिन्ह आहे, आणि शिफ्टसह अ. यातली गंमत मुलांना दाखवा. पाय मोडला म्हणजे व्यंजनातला अ गेला, म्हणून दोघे एकाच कळीवर राहतात.

तिसरा नियम : कठोर व्यंजने मधल्या ओळीत, त्यांची मृदू भावंडे वरच्या ओळीत. के वर क, त्याच्या डोक्यावर आय वर ग. एल वर त, वर ओ वर द. अर्धविरामाच्या कळीवर च, वर पी वर ज. अवतरणचिन्हाच्या कळीवर ट, वर चौकटी कंसावर ड. एच वर प, वर वाय वर ब.

चौथा नियम : शिफ्ट धरली की महाप्राण. क चा ख, ग चा घ, त चा थ, द चा ध, प चा फ, ब चा भ. फळ्यावर वर्णमालेचे वर्ग काढून प्रत्येक वर्गाच्या कळा दाखवल्या, तर मराठी व्याकरणाचा तास आणि संगणकाचा तास एक होतो. कठोर, मृदू, अल्पप्राण, महाप्राण हे शब्द पुस्तकातून निघून बोटांत उतरतात.

४. एकच बोट, अनेक लिप्या

आता या पद्धतीचा असा गुण सांगतो, जो आपल्यासारख्या सीमेवरच्या आणि परप्रांतात स्थिरावलेल्या शाळांना सर्वांत मोलाचा आहे. इन्स्क्रिप्टची मांडणी भारतीय लिप्यांसाठी सामाईक आहे. देवनागरीचा क ज्या कळीवर आहे, त्याच कळीवर कन्नडचा, गुजरातीचा, तेलुगूचा आणि बंगालीचाही क आहे.

'नमस्कार' हा शब्द घ्या. कळांचा क्रम असा : व्ही, सी, एम, डी, के, ई, जे. म्हणजे न, म, स, पाय मोडा, क, काना, र. कीबोर्डची भाषा बदलून हेच सात ठोके दिले, तर बेळगावचे मूल तो शब्द कन्नड लिपीत लिहील आणि बडोद्याचे मूल गुजराती लिपीत. हैदराबादचे मूल शेवटी एक्स ची कळ दाबून अनुस्वार देईल, की झाले तेलुगू 'नमस्कारं'. कन्नड व तेलुगूत ए आणि ओ यांची ऱ्हस्व रूपेही असतात. त्यांच्या कळा तेवढ्या वेगळ्या शिकाव्या लागतात.

घरात मराठी आणि राज्याची भाषा वेगळी, म्हणून मुलावर ओझे पडते, असे पालक म्हणतात. इथे एका मेहनतीत दोन भाषांचे काम होते. आमची सूचना अशी की, ज्या शाळेत राज्यभाषेचे वेगळे शिक्षक आहेत, तिथे मराठीच्या व त्या भाषेच्या शिक्षकांनी महिन्यातून एक तास एकत्र घ्यावा. दहा समान शब्द निवडावेत आणि मुलांनी ते दोन्ही लिप्यांत टाइप करावेत. इंदूर-ग्वाल्हेरच्या मुलांना हिंदीसाठी आणि गोव्याच्या मुलांना देवनागरी कोकणीसाठी हीच बोटे कामाला येतात.

५. मराठीची खास अक्षरे

हिंदीसाठी बेतलेल्या कीबोर्डवर मराठीची काही अक्षरे सापडत नाहीत किंवा लपलेली असतात. ती सुरुवातीलाच पक्की करून घ्यावीत.

ळ : शिफ्ट आणि एन. सराव : बाळ, शाळा, सकाळ, डोळे, केळी.

ण : शिफ्ट आणि सी. सराव : पाणी, गाणे, कोण, आणि.

रफार : आधी र, मग पाय मोडा, मग पुढचे व्यंजन. 'सूर्य' साठी स, दीर्घ उकार, र, पाय मोडा, य. रफार दिसतो शेवटच्या अक्षराच्या डोक्यावर, पण टाइप होतो उच्चाराच्या क्रमाने. ऱ्हस्व वेलांटीचेही तसेच. ती दिसते व्यंजनाच्या आधी, पण टाइप करायची व्यंजनानंतर. "डोळ्यांनी नव्हे, कानांनी टाइप करा" एवढे वाक्य मुलांना पुरते.

ऱ्य : हे सर्वांत दुर्लक्षित अक्षर. शिफ्ट आणि जे ने ऱ, मग पाय मोडा, मग य. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. 'आचार्यांना वाढा' आणि 'आचाऱ्यांना वाढा' यांत पंगतीला कोण बसले आहे हेच बदलते! अशा जोड्या मुलांकडूनच गोळा करून घ्या.

क्ष आणि ज्ञ : क, पाय मोडा, ष. तसेच ज, पाय मोडा, ञ. ही अक्षरे कशी बनली हे यातून आपोआप कळते.

६. अक्षराच्या मागचा क्रमांक

तंत्राची आवड असलेल्या मुलांना केवळ टंकन पुरत नाही. त्यांना 'हे चालते कसे?' हेही हवे असते. त्यांच्यासाठी एक प्रयोग. वर्ड उघडा. इंग्रजी अंकांत ०९१५ टाइप करा आणि लगेच ऑल्ट धरून एक्स दाबा. अंक जाऊन तिथे क उमटेल. ०९१६ घेतले तर ख, ०९१७ घेतले तर ग. ०९३३ ला ळ मिळेल. आता शून्य, सी, नऊ, पाच घ्या : कन्नड क. शून्य, ए, नऊ, पाच घ्या : गुजराती क.

संगणकाला अक्षर कळत नाही, क्रमांक कळतो. जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला एकच कायम क्रमांक देण्याची व्यवस्था म्हणजे युनिकोड. तिची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली आणि देवनागरी तीत सुरुवातीपासून आहे. मोडीलाही २०१४ मध्ये त्यात स्थान मिळाले.

हे समजले की जुन्या मराठी फाइलींचे कोडेही सुटते. पूर्वी छपाईच्या कामात जे खासगी फॉण्ट वापरले जात, त्यांत संगणकाच्या लेखी इंग्रजी अक्षरेच असत. फक्त त्यांचे चित्र मराठी असे. तो फॉण्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की निरर्थक चिन्हांचा ढीग दिसतो, आणि त्यात शब्द शोधताही येत नाही. आपल्याकडच्या अनेक संस्थांच्या स्मरणिका अशाच अडकून पडल्या आहेत. युनिकोडमध्ये लिहिलेला मजकूर मात्र कोणत्याही फोनवर उघडतो आणि शोधता येतो. मुलांना हे एकदा दिसले की शुद्ध टंकनाचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. 'शाला' असे लिहिलेले पान 'शाळा' शोधणाऱ्याच्या हाती लागेलच याची खात्री नाही.

७. "पण आता तर बोलले की टाइप होते!"

हा प्रश्न हुशार मुले विचारतीलच, आणि तो रास्त आहे. २०१७ पासून गूगलच्या फोनवरील कीबोर्डवर मराठी बोलून लिहिता येते. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आल्यापासून तर अख्खा निबंध यंत्राकडून लिहून घेता येतो. मग बोटे कशाला शिणवायची?

बोलून टाइप करण्याची सोय ज्येष्ठांसाठी वरदान आहे, तिला नावे ठेवू नयेत. पण ती ज्याला शुद्ध मराठी ओळखता येते त्याच्याच कामाची आहे. आडनावे, गावांची नावे, ल-ळ, न-ण, ऱ्हस्व-दीर्घ इथे यंत्र घसरते, आणि ती घसरण ओळखणारा माणूसच लागतो. म्हणून यंत्राला वर्गाबाहेर न ठेवता त्यालाच पाठाचा भाग करा. एका मुलाने घरच्या बोलीत पाच वाक्ये फोनला सांगावीत. जे उमटेल ते फळ्यावर घ्यावे. वर्गाने लाल खडूने चुका शोधाव्यात आणि प्रत्येकाने दुरुस्त मजकूर स्वतः टाइप करावा. आपल्या भागातले खास शब्द यंत्राला कळतात का, हेही पाहावे. यंत्राने केलेले काम तपासता येणे हे आजच्या काळातले खरे कौशल्य आहे, आणि ते तपासण्यासाठी विषय आधी स्वतःला यावा लागतो.

८. सहा आठवड्यांची आखणी

आठवड्याला दोन वेळा वीस-वीस मिनिटे पुरतात.

पहिला आठवडा : हात ठेवणे व मधली ओळ. शब्द : रोप, चोर, केर, पोट, टोक, चिकट, कुत्रे.
दुसरा आठवडा : वरची ओळ. शब्द : बाग, दही, गाजर, डबा, जहाज, टोपी.
तिसरा आठवडा : खालची ओळ. शब्द : मन, समय, वसंत, नमस्कार.
चौथा आठवडा : शिफ्टची अक्षरे. शब्द : आई, घर, झाड, ओढा, भाकरी, शाळा, पाणी.
पाचवा आठवडा : जोडाक्षरे, रफार, ऱ्य, क्ष, ज्ञ.
सहावा आठवडा : प्रत्येकाचे स्वतःचे एक पान.

संगणक कमी असतील तर अडून बसू नये. कीबोर्डचा आराखडा वहीत काढून त्यावर बोटे फिरवता येतात. एका संगणकावर दोघे बसले, तर एकाने शब्द फोडून सांगावा, "क, पहिला उकार, त, पाय मोडा, र, मात्रा", आणि दुसऱ्याने 'कुत्रे' टाइप करावे. मग अदलाबदल. शब्द फोडता येणे हा शुद्धलेखनाचा उत्तम अभ्यास आहे.

गुण देताना पहिल्या सहा आठवड्यांत वेग मोजू नये. फक्त शुद्धता पाहावी. सरावाने वेग येतोच, पण चुकीचे वळण लागले की ते मोडायला वेळ लागतो.

९. पालकांना विनंती

घरी एवढेच करावे. मुलाने पाठवलेल्या मराठी निरोपाला मराठी लिपीतच उत्तर द्यावे. आपण इंग्रजी अक्षरांत लिहून मुलाकडून देवनागरीची अपेक्षा करणे बरे दिसत नाही. ज्या पालकांना जमत नाही, त्यांनी मुलाकडून शिकून घ्यावे. शिकवताना मुलाचे शिकणे पक्के होते आणि त्याचा मानही वाढतो.

सहाव्या आठवड्यातल्या पानासाठी विषय आम्ही सुचवतो : घरातल्या सर्वांत वडील माणसाला विचारा, आपले कुटुंब या गावात कधी आणि कशासाठी आले? उत्तर त्यांच्याच शब्दांत टाइप करा. गावाचे, वाड्याचे, पदार्थांचे, नात्यांचे जे शब्द ते वापरतील ते 'सुधारू' नका, जसेच्या तसे लिहा. शेवटी लिहिणाऱ्याचे नाव, इयत्ता आणि तारीख घाला. सर्व पाने युनिकोडमध्ये एकत्र करून शाळेच्या ग्रंथालयात ठेवावीत आणि त्यांची एक छापील प्रतही काढावी.

फोन आज आहे तो उद्या जुना होईल. कीबोर्डही कदाचित बदलेल. पण सातवीतल्या मुलाने आजीचे बोलणे नीट ऐकून, ळ आणि ण जागच्या जागी ठेवून लिहिलेले पान पन्नास वर्षांनी त्याच्या नातवंडाला कोणा जाणकाराला न शोधता वाचता येईल. येत्या सत्रात संगणकाच्या पहिल्याच तासाला फळ्यावर के, ए, एल ही तीन अक्षरे लिहून सुरुवात करावी.